केळीच्या खोक्यातला जबडा

आमच्या ओम्नीतून केळीची वाळकी पानं कितीही झाडली तरी थोडी उरतातच. किस्स्यांचं तसंच आहे. पुढच्या गावाला निघालो, ब्रेक दाबला, की सीटखालून एखादा जुना किस्सा पायाशी येतो.

पानं गाडीत का, तर कवट्यांसाठी. नाना मानवशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. जळगाव-धुळ्याच्या शाळांमधून 'माणूस कसा झाला' हा कार्यक्रम करत फिरतात. प्लास्टरच्या कवट्या, जबडे, पायाचे ठसे असा सगळा संसार केळीच्या खोक्यांत, वाळक्या पानांत गुंडाळलेला. मी ड्रायव्हर आणि हमाल.

मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. चोपड्याजवळच्या आमच्या गावात ही बातमी माझ्याआधी पोचली. आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर उभे राहून म्हणाले, "बसीसन खानाराले मन्हा घरमा ताट नही." बसून खाणाऱ्याला ताट नाही. आबा स्वतः दुपारभर पारावर बसून राजकारण करतात, ते वेगळं. त्या दिवसापासून मी घरी जेवणं सोडलं. आई चोपड्याच्या स्टँडवर येऊन डबा द्यायची आणि आबा कसे मनाने वाईट नाहीत हे सांगायची. डबा चांगला असायचा.

नाना मला जळगावला चहाच्या टपरीवर भेटले.

"गाडी येते?"

"येते."

"डिग्री?"

"नाही."

"बरं झालं. विसरायला काही नाही तुला."

एवढाच इंटरव्ह्यू.

*

भुसावळहून दीपनगरच्या शाळेकडे चाललो होतो. रस्त्यात नाकाबंदी. हवालदाराने खोका उघडला, पानं बाजूला केली आणि दोन पावलं मागे सरकला.

"हे कोण?"

नाना शांतपणे खाली उतरले. "पूर्वज. तुमचे आणि माझे, दोघांचे."

"मेले कसे?"

"ते नक्की माहीत नाही."

हवालदाराचा चेहरा बदलला. मी मनातल्या मनात नानांना शिव्या घातल्या. हा म्हातारा एक दिवस मला आत टाकणार.

"कधीची केस आहे?"

"काही लाख वर्षं झाली. आफ्रिकेत."

हवालदाराने जरा विचार केला, खोका बंद केला आणि हात हलवला. "आमच्या हद्दीत येत नाही. घ्या गाडी पुढे."

*

पाचोऱ्याजवळच्या एका शाळेत संस्थेचे अध्यक्ष आडवे आले. पांढरे कपडे, खिशाला दोन पेनं, मागे मान हलवणारे हेडमास्तर.

"माणूस माकडापासून झाला, हे आमच्या मुलांना सांगायचं नाही."

"मी तसं सांगतही नाही," नाना म्हणाले. "आजचं माकड म्हणजे तुमचे आजोबा नव्हेत. फार मागे आपला दोघांचा पूर्वज एक होता. त्याच्या एका फांदीवर ते, एका फांदीवर आपण. नातं लावायचंच तर चुलतभाऊ म्हणा."

अध्यक्षांचा चेहरा एकदम कडू झाला. "चुलतभाऊ? मग तर अजिबातच नको."

हेडमास्तरांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं, साहेबांची बांधावरून चुलतभावाशी कोर्टात केस चालू आहे.

*

धुळ्याकडच्या एका गावात माजी सरपंच भेटले. गाव त्यांना आप्पा म्हणतं. पहिल्या रांगेत खुर्ची, पायावर पाय. मुलांचे प्रश्न चालू असताना मध्येच आवाज चढवून म्हणाले, "सर, कवटीवरून माणसाचं खानदान कळतं का हो? आमच्यात कपाळ वेगळंच असतं."

माझं डोकं फिरलं. असले आप्पा गावोगाव आहेत, आणि मुलांसमोर हेच बोलतात. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात नानांनी टेबलावरच्या दोन कवट्या उचलून त्यांच्यापुढे धरल्या.

"तुम्हीच सांगा. यातली खानदानी कुठली?"

आप्पांनी चष्मा लावला. दोन्ही फिरवून फिरवून पाहिल्या. शेवटी एक वर उचलून गावाला दाखवली. "ही. भुवईचं हाड पाहा कसं दांडगं आहे. हे आमच्याकडचं."

"नीट पाहिलंत?"

"शंभर टक्के."

नानांनी ती कवटी हळूच परत घेतली. "ही चिंपांझीची आहे."

त्या गावात आम्हाला चहा मिळाला नाही. नानांना चहाशिवाय एवढं खूश मी परत कधी पाहिलं नाही.

*

आता नानांबद्दल. नाना घोरतात. कौतुक करायचं म्हटलं की त्यांची जीभ जड होते. तीच ती विनोदाची वाक्यं प्रत्येक शाळेत टाकतात आणि स्वतःच आधी हसतात. माणसाचा जबडा लाखो वर्षांत लहान होत गेला, म्हणून अक्कलदाढेला जागा उरली नाही, हे ते फार छान समजावतात. पण स्वतःचे दात तंबाखूने घालवले आणि खापर उत्क्रांतीवर फोडतात.

तरी एक सांगतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कवटी उलटी करून माझ्या हातात दिली. "खालचं भोक शोध. बोट घाल." मग कुत्र्याची कवटी दिली. कुत्र्याचं भोक मागच्या बाजूला, आपलं बरोबर खाली, मधोमध. पाठीचा कणा तिथून निघतो. कुत्र्याचं डोकं कण्याच्या पुढे लटकतं, आपलं कण्यावर ठेवलेलं असतं.

"म्हणजे नुसतं भोक पाहून कळतं, हा दोन पायांवर चालायचा?"

"कळलं की तुला," नाना म्हणाले आणि झोपले.

कॉलेजात माझ्या हातात कुणी काही दिलं नव्हतं, फक्त झेरॉक्स दिल्या होत्या. या म्हाताऱ्याचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते फिटले तर मला वाईट वाटेल.

*

सगळ्यात खालच्या खोक्यात एक जबडा असतो. त्याला नाना कुणालाही हात लावू देत नसत, मलाही नाही. फार जुन्या एका माणसाच्या जबड्याची ती प्लास्टरची प्रत. त्यात एकही दात नाही, आणि दातांच्या जागा हाडाने भरून आलेल्या. म्हणजे दात गेल्यावरही हा बरीच वर्षं जगला.

एकदा धुळ्याहून परत येताना मी म्हणालो, "थोडक्यात, बसून खायचा."

"हो," नाना म्हणाले. "आणि कुणीतरी वाढायचं."



*

मग आमच्याच गावच्या शाळेचं बोलावणं आलं. मी नानांना नाही म्हणायला सांगितलं, त्यांनी हो म्हटलं. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी त्यांचे उरलेसुरले सगळे दात काढले! कवळी यायला वेळ होता. स्टेजवर नानांनी तोंड उघडलं, एक अक्षर कुणाला कळलं नाही. मुलं हसली. नानांनी खालचा खोका उघडला, तो जबडा काढून माझ्या हातात ठेवला आणि खुर्चीवर जाऊन बसले.

"आता डायवर बोलणार का?" मागून कुणीतरी म्हणालं.

आबा सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभे होते, हाताची घडी घालून.

मी बोललो. सुरुवातीला वाईट बोललो. मग जबडा वर धरला. "याला दात नव्हते. शिकार याच्याच्याने होत नसेल. तरी हा जगला, कारण कुणीतरी याच्यासाठी मऊ करून वाढलं. याने काय कमावलं, ते हाडावर दिसत नाही. कुणीतरी वाढलं, तेवढं दिसतं."

वर पाहिलं तर भिंतीपाशी आबा नव्हते.

खोके भरत होतो तेव्हा ते गाडीपाशी आले. माझ्याकडे न बघता नानांना म्हणाले, "सर, जेवन करी जा."

घरी आईने दोन ताटं मांडली, आबांचं आणि नानांचं. मी जबड्याचा खोका धरून दारातच उभा. आबांनी नानांचं ताट स्वतःकडे ओढलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी बारीक कुस्करली, त्यावर दूध ओतलं आणि बोटांनी मळत बसले. एक गुठळी राहू दिली नाही. मग ताट नानांपुढे सरकवलं.

नाना जेवू लागले. आबा उठले, मांडणीवरून आणखी एक ताट काढलं, स्वतःच्या शेजारी ठेवलं आणि त्यात अख्खी भाकरी टाकली.

"तुले ते दात शेतस ना?" तुला तर दात आहेत ना, असं ते दाराकडे न बघता म्हणाले. "खाय मंग."