मनोहररावांचं ‘अजून ठरवलं नाही’

मनोहर सबनीसांनी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत बावीस वर्षं एकाच पक्षाला मत दिलं, आणि बावीस वर्षांत एकाही उमेदवाराने त्यांची बेल वाजवली नाही. हक्काच्या मतदाराला कोण विचारतो? पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नव्हतं. पण यंदा त्यांची मुलगी इशिता टाउन कौन्सिलसाठी त्याच पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, उभी राहिली. आणि ती रोज संध्याकाळी जायची कुठे, तर चार घरं सोडून राहणाऱ्या जगन्नाथ काळ्याकडे.

कारण जगन्नाथ इंडिपेंडंट. त्याचं नाव कुठल्याच पक्षात नाही. न्यू जर्सीत असा माणूस प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन हवा तो पक्ष सांगू शकतो. त्यामुळे दोन्हीकडचे लोक त्याच्या दारात. तो सगळ्यांना चहा पाजायचा आणि निघताना मान डोलवत म्हणायचा, "अजून ठरवलं नाही बुवा."

मनोहररावांचा नुसता जळफळाट व्हायचा. ज्याला डोसा घ्यावा की उत्तप्पा हे ठरवायला अर्धा तास लागतो, त्याच्या न ठरवण्याला एवढा भाव! आणि आपली पोर तिथे तास तास बसणार, घरी आली की फोनमध्ये डोकं घालून चार घास खाणार, की गुड नाइट.

"तुम्ही जळता त्यांच्यावर," सुहासिनी, त्यांची बायको, एकदा म्हणाली.

"मी? त्या जगन्यावर? छे!" मनोहरराव म्हणाले. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी पक्षातून नाव काढायचा फॉर्म भरून पोस्टात टाकला.

महिन्याभराने इशिताच्या फोनमधल्या इंडिपेंडंट मतदारांच्या यादीत त्यांचं नाव आलं. शनिवारी सकाळी तिने, खिशात किल्ली असताना, स्वतःच्याच घराची बेल वाजवली.

"सीरियसली, बाबा? ओके. तुझं व्होट मला मिळेल का?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांच्या दारात मत मागायला उभं होतं. मनोहरराव इतके सुखावले की तोंडून जगन्नाथाचंच वाक्य निघालं, "अजून ठरवलं नाही."

इशिताने फोनवर काहीतरी टिपलं आणि ती शेजारच्या घराकडे वळली.

प्रायमरीच्या दिवशी शाळेच्या जिममध्ये रांगेत त्यांच्या पुढेच जगन्नाथ. टेबलावरच्या बाईंनी पक्ष विचारला, आणि या न ठरवणाऱ्या माणसाने पापणीही न लववता समोरच्या पक्षाचं नाव सांगितलं. मनोहररावांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. स्वतःचं मत मुकाट्याने इशिताला टाकून ते तडक घरी आले.

"इशू, तुझ्या जगन्नाथकाकाने गंडवलं तुला! तो तिकडचाच निघाला!"

इशिता दारात बसून बूट घालत होती. "आय नो, बाबा. यादीत हिस्टरी दिसते ना. काका दर वर्षी तिकडेच व्होट करतात आणि नंतर फॉर्म भरून परत इंडिपेंडंट होतात. मोस्ट इंडिपेंडंट्स तसेच असतात, यार. कुठेतरी कललेलेच."

"माहीत होतं? मग कशाला जायचीस रोज तिथे?"

"पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं, तू का उभी राहतेस? मग रोज काहीतरी विचारायचे. लायब्ररीचं काय करणार, पूर आला की काय करणार. व्होट देणार नव्हते, तरी सगळं ऐकायचे." तिने बुटाची नाडी ओढून बांधली. "तू कधी विचारलंच नाहीस."

मनोहररावांनी विचारायला तोंड उघडलं. पण मतदान संपायला चारच तास उरले होते, आणि इशिता यादी घेऊन दारोदार फिरायला निघाली होती.