तंबूतलं ऑपरेशन आणि आईची उदबत्ती

बाबांचा हर्निया आमच्या घरात बिऱ्हाडकरूसारखा सात-आठ वर्षं राहिला. कमरेला पंचा आवळायचा आणि वांग्यांचे कॅरेट उचलायचे. सेवाग्रामच्या दवाखान्यात चला म्हटलं की विचारायचे, मग वांगी काय डॉक्टर तोडणार? शेवटी एक दिवस दवाखानाच आमच्या गावच्या शाळेत आला.

तो आणणारे सर्जन आधी इंजिनीअर होते. वर्गात त्यांनी प्लास्टिकचा मोठा तंबू फुगवला. बाहेर एक यंत्र ठेवलं. ते हवा गाळून तंबूत सोडायचं, म्हणजे आमच्या धुळीतही ऑपरेशन करता यावं. माझं जाम गावात मोटर वाइंडिंगचं दुकान. दुसऱ्याचं यंत्र मला एकदम आवडत नाही. म्हटलं, पाहू किती टिकतं.

बाबांच्या पाठीत इंजेक्शन दिलं, पाय बधिर झाले आणि नेमकं तेव्हाच यंत्र बोंब ठोकून बंद पडलं. मी धावलो. हवा ओढणाऱ्या जाळीसमोर आईनं उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवून ठेवला होता. आमच्याकडे शेतात नवा पंप बसवला तरी आधी उदबत्ती लावतात. इथं तर नवरा आत होता. सगळा धूर ओढून जाळी चोंदली होती. मी चारचौघांत तिच्यावर ओरडलो, "तुले समजत नाई का? बाबाले मारतं का आता?" तिचं तोंड एवढंसं झालं.

डॉक्टरांचे हात धुऊन झालेले, त्यांना बाहेर येता येईना. बधिरपणा उतरायच्या आत यंत्र सुरू व्हायला हवं होतं. प्लास्टिकपलीकडून त्यांनी मला शांतपणे सांगितलं, खालच्या कप्प्यात दुसरी जाळी आहे, ती बसवा. उदबत्त्या विझवून मी सवयीनं पाना शोधू लागलो, तर म्हणाले, पाना लागत नाही. खरंच, प्रत्येक भाग हातानं निघत होता. खेड्यात ऐन वेळी पाना सापडणार नाही, हे त्यांनी आधीच धरलं होतं. इतकी वर्षं मशिनी उघडतो, पण हे मला कधी सुचलं नसतं. मी मनातल्या मनात कान पकडले.

यंत्र सुरू झालं, ऑपरेशनही नीट झालं. डॉक्टर बाहेर आले तशी आई लांबूनच हात जोडून म्हणाली, "माह्यी चूक झाली, साहेब."

"चूक माझी आहे, काकू," ते म्हणाले. "गावात नव्या यंत्रापुढे उदबत्ती लावतात, हे मला माहीत हवं होतं. जाळी वर बसवायला हवी होती." आणि तिथंच बाकावर बसून त्यांनी वहीत तसं चित्र काढलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईजवळ जाऊन म्हटलं, मी उगाच बोललो तुले.

ती तंबूकडे बघत होती. "तुह्या बोलन्याचं काई नाई रे," ती म्हणाली. "मले घंटाभर वाटून राह्यलं होतं, मीच मारलं त्यायले."