मावसाजींचा पिवळा

नागपूरच्या उन्हाची बाजू घेणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या वाट्याला आला. मे महिन्याच्या दुपारी सारं शहर खिडक्या लावून कूलरसमोर आडवं झालेलं असतं, कुत्रीसुद्धा उभ्या गाड्यांखाली जागा धरून असतात, आणि आमचे मावसाजी डोक्याला दुपट्टा बांधून गच्चीवर एका चित्रासमोर उभे असतात. रंग खरा की खोटा ते दुपारच्या उन्हातच कळतं, असं त्यांचं म्हणणं. ट्यूबलाइटखाली चित्र पाहणारा माणूस त्यांच्या मते फोनवरून मुलगी पसंत करणाऱ्यातला. आमच्याकडे आले की चप्पल काढायच्या आधी पडदे सरकवतात. "काहून गा, एवढं चांगलं ऊन आलं अन् तू त्याले बाहेर उभं करून राहिला?" असं विचारतात, जणू ऊन म्हणजे कळमेश्वरहून पिशवी घेऊन आलेला पाहुणा.

मावसाजी मोठे चित्रकार आहेत हे मला वर्तमानपत्रातून कळलं. घरात असलं काही कोणी सांगत नाही. मुंबई-दिल्लीच्या दिवाणखान्यांत त्यांची चित्रं लागली आहेत, चित्रकला शिकणारी मुलं त्यांच्या पाया पडतात, आणि तरी मावशीच्या लेखी ते दूध उतू जाऊ देणारे गृहस्थ आहेत. मला त्यांच्या चित्रांतलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी घराला कायम क्रीम रंग देतो. दर वेळी दुकानदार निराळाच क्रीम देतो आणि ते फक्त बायकोच्या लक्षात येतं. नोकरीला लागल्यावर अंगात जरा धीटपणा आला तेव्हा मी एका मोठ्या चित्रासमोर उभं राहून, हे नेमकं काय आहे, असं विचारलं होतं. मावसाजी म्हणाले, "पिवळा." मी पुढच्या माहितीची वाट पाहत उभा राहिलो. पुढे माहिती नव्हती.

गच्चीवरून मात्र त्यांचा आणि मावशीचा जुना वाद आहे. ज्या उन्हावर मावसाजींचा डोळा, त्याच उन्हात तिला कुरड्या वाळवायच्या असतात. शेवटी मधोमध एक खाट टाकून सरहद्द ठरली: अलीकडे कुरड्या, पलीकडे कला. एका उन्हाळ्यात वावटळ आली आणि एक कुरडई सरहद्द ओलांडून ओल्या रंगात जाऊन बसली. मावशी ती काढायला धावली, तर मावसाजींनी तिचा हात धरला. राहू दे, म्हणाले, तिथं काहीतरी पाहिजेच होतं. ते चित्र प्रदर्शनात गेलं, आणि एका जाणकार बाईंनी नेमक्या त्याच कोपऱ्यातल्या पोताबद्दल फार भारावून सांगितलं. मावशी शेजारीच उभी होती. "मीठ जरा जास्त झालं होतं त्याच्यात," ती मला हळूच म्हणाली.

गेल्या काही वर्षांत त्यांच्या चित्रांतले बाकीचे रंग आटत गेले. आधी निळा गेला, मग हिरवा. राहिला पिवळा, तोही जुन्या तुपासारखा दाट. समीक्षकांनी या कामाला 'पिवळा काळ' असं नाव दिलं आणि चित्रकार आता सगळं सोडून सारतत्त्वाकडे निघाला आहे, असं लिहिलं. मावसाजींना ते आवडलं असावं, कारण तो पेपर रद्दीत जायला बरेच दिवस लागले. मग गेल्या हिवाळ्यात जरीपटक्याच्या भर बाजारात त्यांनी एका अनोळखी बाईंना, "चल वं, झालं ना घेऊन," असं म्हटलं, आणि खऱ्या मावशीने त्यांना रामदासपेठेत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. सोबत मी, कारण गाडी माझी.

डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बऱ्याच वर्षांचा. डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं पडत जातं, माणूस सगळं जग पिवळ्या काचेतून पाहतो आणि त्याला पत्ताही लागत नाही, असं त्यांनी समजावलं. मग मावशीने अगदी नम्रपणे विचारलं, "म्हंजे तो पिवळा काळ म्हणतात, तो हाच का जी?"

घरी पोचेपर्यंत मावसाजी गाडीची काच खाली करून बाहेर बघत होते.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. पट्टी निघाली आणि मावसाजी लहान पोरासारखे घरभर फिरले. भिंती पांढऱ्या होत्या. त्या माझ्या घरासारख्याच क्रीम आहेत, असं ते इतकी वर्षं समजत होते. आभाळाकडे पाहून म्हणाले, नागपुरात एवढा निळा कधी आला? मग त्यांना एक चाळाच लागला. उजवा डोळा मिटून पाहायचं, मग डावा मिटून पाहायचं. भाजीवालीसमोर वांग्यांच्या ढिगाकडे बघत त्यांनी हे बराच वेळ केलं, तेव्हा तिने मावशीकडे तक्रार केली, आणि मावशीला चारचौघांत नवऱ्याच्या मोतीबिंदूचं वर्णन करावं लागलं.

डाव्या डोळ्याची तारीख आली तेव्हा मावसाजी नाही म्हणाले. चहा कपाच्या बाहेर ओतत होते, जिना उतरताना पाय चुकत होता, तरी नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हा पुरता पिकला आहे, आणखी थांबाल तर डोळाच हातचा जाईल. त्यांना पटवायला घरच्यांनी मला पाठवलं. माझं कोणी ऐकत नाही याचा मला घरचा सराव आहे, त्यामुळे मी निराश होणार नाही, असा विचार त्यामागे असावा. मी छान बोललो. मावसाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणते हा रोग आहे. असंल. पण मी इतकी वर्षं त्याच्यातूनच पाहिलं गा. हा डोळा केला की तो पिवळा गेला. मग मले तो कोणीच दाखवणार नाही."

मी पटवायला गेलो होतो, तो त्यांचा वकील होऊन परतलो. मावशीने शेवटी एक चित्र मंजूर केलं. एकच, ते झालं की तसंच दवाखान्यात.

त्या चित्रासाठी मावसाजींनी जे केलं ते डॉक्टरांना आम्ही अजून सांगितलेलं नाही. नवा कोरा, नीट दिसणारा उजवा डोळा त्यांनी कापूस आणि चिकटपट्टी लावून बंद केला आणि अधू डोळ्याने चित्र काढायला घेतलं. दुपट्टा, एका डोळ्यावर पट्टी, हातात ब्रश. शेजारच्या गच्चीवरची बाई पापड टाकायला यायची बंद झाली. चित्र लवकर भरलं. मग मात्र ते संपेना. आज लावलेला रंग उद्या खरवडायचे, परवा तोच पुन्हा लावायचे. डोळा रोज मंदावत होता आणि आम्ही खाली बसून काळजी करत होतो.

एका दुपारी मावशी छत्री घेऊन वर गेली. पाठोपाठ मीही गेलो. मावशीने इतक्या वर्षांत त्यांच्या एकाही चित्रावर बरं-वाईट म्हटलेलं नाही. ती खाटेला वळसा घालून पलीकडे गेली आणि चित्रासमोर उभी राहिली. मग तिने छत्री त्यांच्या डोक्यावर धरली.

"झालं हे," ती म्हणाली.

"नाही झालं वं."

"झालं म्हणते ना मी. आता हात लावला तर बिघडंल."

मावसाजींनी डोळ्यावरची पट्टी न काढताच तिच्याकडे पाहिलं. मग ब्रश खाली ठेवला.

डावा डोळाही चांगला झाला. पट्टी निघाल्यावर आम्ही घरी आलो, तेव्हा ते चित्र मावशीने समोरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मावसाजी त्याच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसले. एक डोळा मिटला, उघडला. दुसरा मिटला, उघडला. दोन्हींनी आता सारखंच दिसत होतं. तो चाळा मी त्यानंतर पाहिला नाही.

"कोणं काढलं वं हे?" त्यांनी विचारलं.

मावशी पिशवीतून औषधं काढत होती. "होता एक," ती म्हणाली. "लय पसारा करे."

मावसाजींनी मान हलवली. बराच वेळ ते नुसते बघत राहिले, लोक दुसऱ्याचं चित्र बघतात तसे, जरा अदबीने.

"दिसत होतं पण त्याले," ते म्हणाले.

मावशीने उठून समोरचं दार उघडलं. ऊन आत आलं, आणि ते दोघं त्याच्याकडे पाहत बसले. मला ऊन नेहमीसारखंच दिसलं.