उजव्या बाजूचं निळं फूल

माझा थोरला भाऊ पलटणीत होता, पार लडाखच्या डोंगरांत. त्या श्रावणात त्याचं पत्र रत्नागिरीला आलं. गणपतीला रजा मिळेल की नाही, सांगता येत नाही म्हणे. पत्रात एक फूल दाबलेलं होतं. निळं, मध्ये पिवळा ठिपका, आणि केवढं? माझ्या करंगळीच्या नखाएवढं! ‘इथे झाड म्हणून नाही. बर्फ वितळला की दगडांच्या फटीत एवढंच उगवतं,’ असं त्यानं लिहिलं होतं.

आईनं दोन वर्षं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. फूल पदराला बांधून, मला घेऊन ती तडक ग्रामदेवीला कौल लावायला निघाली. देवीच्या उजवीकडचं फूल आधी पडलं तर पोरगा येणार, डावीकडचं पडलं तर नाही.

गुरव म्हणाले, “वहिनी, वाळलेलं फूल देवीला चालत नाही.”

“माझ्या पोरानं हातानं खुडलंय. लावा तुम्ही, पाप लागलं तर मला लागू दे!”

आईपुढे कोणाचं चाललंय? गुरवांनी ते ओलं करून उजवीकडे लावलं, डावीकडे तगरीचं टपोरं फूल, आणि गाऱ्हाणं घातलं. आता निळं कसलं पडतंय! वाळकं, हलकं, पोस्टाच्या तिकिटासारखं चिकटून बसलं. तगर मात्र हळूहळू घसरायला लागली. आईचा चेहरा पांढरा पडला. मला त्या तगरीचा असा राग आला म्हणून सांगू! तेवढ्यात आईनं दंडाला धरून मला पुढे ओढलं. देवी हातभर अंतरावर. मी निळ्या फुलाकडे नाक वर केलं आणि सगळा जोर लावून शिंकले.

“कौलाला शिंकतेस, मेले!” गुरव ओरडले. पण निळं फूल खाली आलं होतं आणि तगर वरच होती. हा शकुन की अपशकुन, म्हणून गुरव डोकं खाजवत राहिले. आई फूल उचलून पायऱ्या उतरलीसुद्धा.

आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी भाऊ दारात उभा! काय सांगू तो आनंद! आई चुलीपुढून उठेना, तो खायचा थांबेना. मला मात्र देवीची भीती. शेवटी न राहवून बोललेच, “आई, माझी ती शिंक खोटी होती.”

आई घावन उलथत म्हणाली, “ठाऊक आहे गो. शाळा बुडवायची असली की तश्शीच शिंकतेस. उगीच का तुला पुढे ओढली?”