विलायती व्हॉल्व्ह आणि माझे तयार कान

हसायचं नाही, हे आधी कबूल करा. मगच सांगते माझ्या ‘तयार’ कानांची फजिती.

आमची चिऊ आठ महिन्यांची. झोपेशी तिचं जन्मजात वैर! अंगाई म्हणून म्हणून माझा घसा बसला, तरी हिचे डोळे टक्क. पोरीचं काही बिनसलंय, की माझंच चुकतंय? डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे. उत्तम म्हणे! पोरीपेक्षा मीच जास्त रडत होते.

एका दुपारी सासऱ्यांनी त्यांचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर काढला. एकेकाळी या सेटशिवाय आमच्या सिंदी गावात लग्न लागत नसे. आतले काचेचे व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे लाल झाले, कॅसेटवरची बासरी सुरू झाली आणि चिऊ गाढ!

“यातला एक व्हॉल्व्ह विलायती हाय, पोरी,” बाबा म्हणाले. “आता भेटतच नाई. आवाजात गोडवा येते त्यानं.”

झालं! मी त्या व्हॉल्व्हची भक्तीण झाले. घरी येईल त्याला गोडवा समजावून सांगू लागले. बाबांनी कधी त्याच्या जागी साधा व्हॉल्व्ह लावला, की मला आवाज ‘कोरडा’ लागायचा. बोला!

मग सेलूला माहेरी भावाचं लग्न आलं. मी म्हटलं, सेट न्यायचा.

“बसमधी?” नवरा किंचाळला. “सेट हाय का कपाट? मोबाईलवर लाव न बासरी!”

“मोबाईलला तो गोडवा नाही.”

“तुले खरंच समजते फरक?”

“डोळे बांधून ओळखते! चुकले तर सेट इथंच.”

ओढणीनं डोळे बांधले. मांडीवर चिऊची किरकिर. बासरी वाजली. “शी! हा साधा. नुसता पत्रा!” मग दुसऱ्यांदा वाजली. अहाहा! “हाच विलायती! काय ती ऊब!” बोलता बोलता चिऊ झोपलीसुद्धा. मी विजयानं ओढणी सोडली.

सेट बंद. त्याच्यावर ठेवलेला नवऱ्याचा मोबाईल वाजत होता.

“आणि मघाचा पत्रा?”

बाबांनी मान खाली घातली. “तो विलायती होता, पोरी.”

“पण मग चिऊ झोपली कशी?”

सासूबाईंनी मेथी निवडता निवडता वर पाहिलं. “काही वाजलं का तू गाणं बंद करतं न, माय. म्हणून झोपते ते.”

सेट घरीच राहिला. लग्नात डीजेनं भिंती हादरल्या, चिऊ ढिम्म झोपून. बायकांनी फारच आग्रह केला, म्हणून मी हळदीचं एक गाणं धरलं.

उठली!