राहिलेलं रडणं

विमानात आमच्या दोघींच्या मधली सीट रिकामी राहिली होती. माझे गुडघे आखडले म्हणून मी तिकडे सरकायला गेले, तर आईनं माझा दंड धरला. "तिथं नोको बसू, बाई," ती म्हणाली. "तो बसला हाये."

मी आपल्या जागेवर परत आले. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, भुताखेतांवर विश्वास ठेवू नये म्हणून पोरांकडून भिंतीवर घोषवाक्यं लिहून घेतली, आणि न्यूझीलंडपर्यंत गुडघे दुखवून घेत गेले, पण त्या सीटवर बसले नाही. जेवण आलं तेव्हा पाण्याची बाटली चुकून तिथं ठेवली आणि लगेच उचलून घेतली. स्वतःचा राग आला. राग आला तरी बाटली काही परत ठेवली नाही.

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. मोताळ्याला आईजवळ राहायचा. लग्न केलं नव्हतं. स्टँडजवळ मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बुलढाण्याच्या दवाखान्यात गेला, आणि तिथूनच त्याला परस्पर स्मशानात नेलं. आम्हाला तोंडही पाहायला मिळालं नाही.

आमच्याकडे मयतीच्या घरी बायका येतात त्या गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढून रडत येतात. घरातल्या बाईनं दारात उभं राहून तशाच आवाजात उत्तर द्यायचं. गेलेला माणूस कसा होता, काय खायचा, कोणाला काय बोलला होता, सगळं त्या रडण्यातच सांगायचं. मग गळ्यात गळा, मग पाणी, मग चहा. शिकली-सवरलेली झाल्यावर मला ते ओंगळ वाटायचं. रडायचं तर गुपचूप रडावं, गावाला कशाला ऐकवायचं, असं मी म्हणायचे. भावाच्या वेळी गल्लीत कोणीच आलं नाही. येणार कसं, घराबाहेर पडायची बंदी होती. आई रडली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतर चार वर्षांतही नाही.

"रडून वाट देल्याबिगर मानूस घरातून निघत नाही," एवढंच ती म्हणायची. म्हणून तो निघाला नव्हता. आई खाटेच्या कडेला अंग चोरून निजायची. ऑटोत बसली की बाजूला जागा सोडायची. दारातून जाताना थांबायची, जणू कोणाला आधी जाऊ देतेय. नांदुऱ्याहून मी दर रविवारी तिच्याकडे जायचे, आणि हळूहळू मीही थांबायला लागले. दुपारी त्या घरात एकटी असले की पाठ भिंतीला लावून बसायचे. भीती वाटायची, कबूल करते. पण त्याची नाही. आईचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं, बोलणंही तेवढ्यावरच. तो जात नाही, तर एक दिवस हीच त्याच्याबरोबर निघून जाईल, याची भीती.

डॉक्टर म्हणाले, अंगात काही नाही, हवापालट करा. माझी मुलगी ऑकलंडला नर्स आहे, तिनं तेवढं ऐकलं आणि तिकिटं काढली. आमचे हे म्हणाले, सोयाबीन कोण काढणार. खरं कारण विमानाची भीती, पण सोयाबीननं आजवर बऱ्याच जणांची अब्रू वाचवली आहे. शेवटी आम्ही तीन पिढ्यांच्या तीन बायकाच फिरायला निघालो. तीनच म्हणायचं, पण गाडीत मागच्या सीटवर आई खिडकीला चिकटून बसायची आणि मी दुसऱ्या खिडकीला. मुलीनं आरशातून पाहिलं आणि गाडी सुरू केली.

रोटोरुआ गावात जमिनीतूनच वाफा निघतात आणि सगळीकडे गंधकाचा वास. पर्यटक नाकाला रुमाल लावत होते. आईनं खिडकीची काच खाली घेतली आणि म्हणाली, "लोनारसारखंच हाये की." चार दिवसांत तिनं आपणहून काढलेला हा पहिला शब्द. मुलीला तेवढ्यानंच केवढा आनंद झाला.

तिथं एक माओरी गाव उभं केलेलं आहे, पाहुण्यांसाठी. पॉलिनेशियातून होड्या वल्हवत त्या बेटांवर आलेले हे मूळचे लोक. त्यांची घरं, कोरीवकाम, नाच, शेवटी जमिनीत पुरून शिजवलेलं जेवण, असा सगळा कार्यक्रम मुलीनं आधीच ठरवून ठेवला होता. मी मनात नाक मुरडलं. गॅदरिंगला आम्ही पोरांच्या कमरेला पानं बांधून आदिवासी नाच करायला लावायचो, आणि पाहुणे टाळ्या वाजवायचे. तसलंच काहीतरी असणार, म्हटलं. फक्त इथं पानं बांधणारे खरे असतील.

त्या गावाला नेणाऱ्या बसमध्ये वाटाड्या होता, गोल चेहऱ्याचा, हसतमुख. त्यानं रीत समजावून सांगितली. पाहुण्यांनी आपला एक मुखिया निवडायचा. अंगणाच्या फाटकाशी उभं राहायचं. आतून एक बाई हाक घालेल, ती हाक येईपर्यंत पाऊल टाकायचं नाही. मग जरा गंभीर होऊन म्हणाला की तुम्ही एकटे येत नसता, तुमचे गेलेले लोकही तुमच्याबरोबर येतात, आमची बाई त्यांनाही आत बोलावते. आधी दोन्हीकडच्या मेलेल्यांसाठी रडून घ्यायचं, मग जिवंतांनी हसायचं, जेवायचं. खऱ्या रीतीत पाहुण्यांमधली एखादी बाई हाकेला उत्तर देते, पण तुम्हाला ते कुठून येणार, म्हणून आमच्यातलीच एक जण देते, असंही सांगितलं. मुलीनं आजीला सगळं आपल्या भाषेत सांगितलं. मला वाटलं आई दचकेल. ती फक्त म्हणाली, "बराबर हाये."

फाटकाशी आम्ही तीसेक माणसं उभी होतो. ऊन कलायला आलं होतं. आधी एक उघडाबंब जवान भाला नाचवत, डोळे वटारून, जीभ बाहेर काढत आला. पोरं आयांना बिलगली. आई शांतपणे म्हणाली, त्याच्या अंगात आलंय, आपण मागं सरू. त्यानं जमिनीवर एक पान ठेवलं, आम्ही भांडायला आलो नाही याची खूण म्हणून आमच्या मुखियानं ते उचललं, आणि जवान मागे झाला.

मग समोरच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बाई आली. काळी साडी म्हणणार होते, पण साडी नव्हे, काळा पायघोळ झगा. डोक्याला हिरव्या पाल्याची वेटोळी, हातातही पाला. तिच्यामागे काळ्या कपड्यातल्या आणखी दोघी. आईनं माझा हात घट्ट धरला. आमच्याकडे माणसाला पोचवून आलं की दारात कडुनिंबाचा पाला ठेवलेला असतो. काळे कपडे काही आमच्यात घालत नाहीत, पण पाला पाहिला आणि तिनं ओळखलं. माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "कोन गेलं वो यायच्यात?"

मी सांगणार होते की कोणी गेलं नाही, हा कार्यक्रम आहे. तेवढ्यात त्या बाईनं हाक घातली.

ती हाक मी कशी सांगू. गाणं नव्हतं ते, बोलणं नव्हतं. उंच चढलेला, लांब आवाज, शेवटी थरथरत खाली येणारा. मी डोळे मिटले असते तर मोताळ्याच्या गल्लीच्या तोंडाशी असते. वाटाड्यानं सांगितलेली, त्यांच्यातली उत्तर देणारी बाई आमच्या बाजूला उभी होती. तिनं श्वास घेतला. पण तिच्याआधी आईनं उत्तर दिलं.

"माह्या राजा रे..." इतका मोठा आवाज त्या एवढ्याशा छातीतून कसा आला कोण जाणे. "माह्या लेकरा रे, तुले पानी नाही पाजलं रे... तुहं तोंड नाही पाह्यलं रे..."

लोक वळून पाहायला लागले. कोणीतरी मोबाइल आमच्याकडे फिरवला. आणि माझा हात आपोआप उठला, आईच्या तोंडाकडे.

इथं मला एक सांगितलंच पाहिजे. आई त्या दिवशी रडली नाही, असं मी वर लिहिलं, ते अर्धं खरं आहे. दवाखान्यातून फोन आला तेव्हा सकाळ होती. मी तिच्याजवळच होते. फोन ठेवला, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिनं पहिला हेल काढला, आणि मी तिच्या तोंडावर हात दाबला. तिलाही खोकला होता. गल्लीत कळलं तर गाडी येईल, हिलाही घेऊन जातील, आणि हीही परत येणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझ्या तळव्यावर तिचा श्वास गरम लागत होता. ती धडपडली नाही. मी हात काढला तोवर तिच्या आतलं सगळं बंद झालं होतं. त्या गोष्टीबद्दल आम्ही दोघी चार वर्षांत एक अक्षर बोललो नव्हतो. मला वाटायचं ती विसरली.

माझा उठलेला हात तिनं पाहिला. रडणं न थांबवता, त्याच सुरात, पण माझ्याकडे पाहत ती म्हणाली, "आता त् राहू दे वो माय."

मी हात खाली घेतला. ओट्यावरच्या बाईला एकही शब्द कळला नसणार, तरी तिनं पुन्हा हाक घातली, आधीपेक्षा लांब. आईनं पुन्हा उत्तर दिलं. दुकान, खोकला, गाडी, परक्यांनी नेलेलं प्रेत, सगळं सांगितलं. तीन वेळा असं झालं. आमच्या बाजूची ती माओरी बाई स्वतः गप्प राहून डोळे पुसत होती. वाटाड्याचं हसू गेलं होतं. मोबाइल कधी खाली गेले ते मी पाहिलं नाही. मग आई आपणहून पुढे चालायला लागली आणि सगळा घोळका तिच्यामागे आत गेला.

दारात नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावून भेटतात ते लोक, एकमेकांचा श्वास घेतात. त्या बाईनं आईला तसं कितीतरी वेळ धरून ठेवलं. मग ती माझ्याकडे आली, आणि मी चेहरा मागे घेतला. चार वर्षं झाली तरी कोणाचा श्वास तोंडाजवळ आला की मला ती फोनची सकाळ दिसते. ती रागावली नाही. माझा हात हातात घेऊन थोपटला, तोच हात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई पोटभर जेवली. परतताना बसमध्ये ती ऐसपैस बसली, आणि आमच्या मधल्या जागेवर तिनं आपली पिशवी ठेवली. मी त्या पिशवीकडे पाहत राहिले. मग तो कुठे बसला, हा विचार माझ्या मनात आला, आणि त्यानंतर तो गेलाच नाही. ऑकलंडच्या घरात आई घोरायची आणि मी कडेला अंग चोरून पडायचे.

मोताळ्याला आईला सोडायला आले तर दुसऱ्याच दिवशी दुपारी गल्लीतल्या बायका जमल्या, परदेश पाहून आलेली बाई पाहायला. चॉकलेटं वाटून झाली. आईनं त्यांना विमानाचं नाही सांगितलं, वाफांचं नाही. तिकडे एका बाईनं हाक घातली आणि मी माझ्या पोराला रडून आले, एवढं सांगितलं. कोणी हसलं नाही. शेजारची काकू पदर तोंडाला लावून म्हणाली की त्याला रडायचं आमचं तर राहूनच गेलं. मग सगळ्या हळूहळू भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन खाली बसल्या, मयतीच्या घरी बसतात तशा.

मी उठले आणि चहा ठेवायला आत गेले. मला कळत होतं मी कशापासून पळतेय. एकदा बायका अशा बसल्या की आईचं रडून झाल्यावर बहिणीची पाळी असते. तिनं सुरुवात केल्याशिवाय बसलेल्या बायका रडत नाहीत.

"चहा ऱ्हाऊ दे," आई बाहेरून म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मले सोडून गेला तो. तुह्यापाशी आला हाये, मले दिसते. ये बाहीर."

मी गॅस बंद केला. बाहेर येऊन तिच्यासमोर बसले आणि तोंड उघडलं. काही निघालं नाही. मला लाज वाटली आणि मी बायकांकडे पाहिलं. कोणी मान वर केली नाही, कोणी घाई केली नाही. माझा आवाज फुटेपर्यंत त्या सगळ्या तशाच थांबल्या.