कोळंबीला खोकला

माझ्या मुलाला दमा आहे, त्यामुळे माणिकपूरच्या मुलांच्या दवाखान्यात आमचं सारखं जाणंयेणं. तिथल्या सिस्टर पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या. आवाज थेट मासळीच्या लिलावातला. "ताप कोनाकोनाला? एकदमच या!" अशी हाक मारतात आणि सगळी पोरं जमल्याशिवाय औषधाची नवी बाटली उघडत नाहीत. पोराने आ केल्याशिवाय चमचा भरत नाहीत. आधीच भरून ठेवला, तर अर्धा चादरीवर सांडतो म्हणे.

एकदा मुलाला घेऊन घरी निघालेले एक बाबा उरलेलं औषध बेसिनमध्ये ओतायला लागले. सिस्टरांनी त्यांचा हात वरच्या वर धरला. "खाडीत जातंय ते! कोलंबीला खोकला झालाय का?"

बाटली उरलेल्या औषधांच्या डब्यात गेली.

रविवारी पाचूबंदरला मासळी घ्यायला गेले, तर टोपलीमागे सिस्टर! त्यांची सासू चहाला गेली म्हणून बसलेल्या.

"किलोभर कोळंबी द्या," मी म्हटलं.

"घरात मानसं किती?"

"तिघं."

"मंग अर्धा किलो बस. उरली का टाकाल."

तेवढ्यात सासू आली. "चा प्यायला गेले तर धंदा बुडवला हिनं!" म्हणत तिने मला किलोभर बांधून दिली.

अर्धी कोळंबी सोमवारी टाकावी लागली.

मुलाच्या तपासणीला या वेळी मी नवऱ्यालाच पाठवलं. परत आला तो गोंधळलेला.

"काय गं, सिस्टर दम्याचं सोडून कोळंबी संपली का विचारत होत्या?"